आईच्या गोळ्या: कुठली कधी, कुठली कशाबरोबर?

अनघा_मुलुंड
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची. मधुमेह आहे, बाकी ठणठणीत म्हणावी अशी. तिच्या गोळ्या अशा: मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन ७५, पॅन्टोप्राझोल ४०, लोहाची गोळी (एच.बी. ९.१ आलं म्हणून मागच्या दिवाळीपासून), कॅल्शियम, आणि रविवारी डी-३ चं साठ हजारवालं पाकीट. मेटफॉर्मिन सोडलं तर बाकी सगळं ती नाश्ता झाला की चहाच्या घोटाबरोबर एका दमात घेते. "एकदाचं उरकलं की दिवस मोकळा" असं तिचं म्हणणं.

एच.बी. मात्र जागचं हलत नाही. डॉक्टर चांगले आहेत, पण गर्दी इतकी की आपण पिशवीतून फाइल काढेपर्यंत पुढचा पेशंट दारात. त्यामुळे या खेपेला नेमके प्रश्न लिहून न्यायचे आहेत. कुठली गोळी काय करते आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात का, हे कोणी समजावेल का?

शिवाय कमरेला गजकर्ण झालंय. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की जातं, थांबवली की दुप्पट येतं.

इथे वाचून परस्पर काही बंद करणार नाहीये, तेव्हा बिनधास्त लिहा.

गिरगावचा_गण्या
चहाबरोबर लोहाची गोळी म्हणजे गोळीचे पैसे गटारात. काकूंना सांगा, एकतर चहा सोडा नाहीतर गोळी. (चहा सुटणार नाही हे माहीत आहे. आमच्या मातोश्रीही त्याच पंथातल्या.)

मेडिकलवाली
बी. फार्म. करून दादरला वडिलांच्या दुकानात बसते. हा प्रश्न रोज येतो, म्हणून सविस्तर.

पॅन्टोप्राझोलपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या निम्म्या गोष्टी त्याच्यापाशी येऊन अडतात. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे पंप असतात. आपण जेवायला बसलो की ते मोठ्या संख्येने कामाला लागतात, आणि हे औषध फक्त चालू पंपांनाच पकडतं. म्हणून गोळी नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. घास पोटात पडून पंप जागे होतील तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. नाश्त्यानंतर घेतली तर अगदीच फुकट जात नाही, पण मॅचची दहा षटकं उरलेली असताना मुख्य बोलर आणल्यासारखं होतं.

औषध स्वतः काही तासांतच रक्तातून निघून जातं, परिणाम मात्र दिवसभर टिकतो. कारण एकदा पकडलेला पंप परत सुटत नाही, शरीराला नवे बनवावे लागतात. सगळे पंप एकाच दिवशी चालू नसतात, त्यामुळे पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस जातात. "काल एक घेतली, काही फरक नाही" म्हणत दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्यांना हे सांगून तोंड दुखतं माझं. आणि गोळी चुरडू नका. तिच्यावरचं आवरण औषधाला पोटातल्या आम्लापासून वाचवण्यासाठीच असतं.

आता तुमचा प्रश्न. आम्ल कमी झालं की अन्नातलं लोह नीट विरघळत नाही, विशेषतः भाज्या-कडधान्यांतलं. गोळीतलं लोह फेरस रूपात असतं, त्याला तेवढा फटका बसत नाही, पण थोडा बसतो. वर चहातले टॅनिन आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी, म्हणजे तिहेरी अडथळा. लोह चहा-दुधापासून आणि कॅल्शियमपासून किमान दोन तास लांब, शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. पोटात ढवळत असेल तर थोडं खाऊन. शौचाला काळपट होणारच, घाबरू नका.

कॅल्शियम कार्बोनेट असेल तर तेही आम्लातच विरघळतं. ते जेवणाबरोबर घ्या, किंवा सायट्रेट चालेल का हे डॉक्टरांना विचारा.

हेमांगी_के
वाटलंच होतं! मग पॅन बंद करा की. आमच्या ऑफिसात अर्धी जनता वडापाव आणि त्यावर पॅन असा नाश्ता करते. वर्षानुवर्षं ही गोळी खाणं वाईटच. बी-१२ जातं, हाडं जातात.

परळचे_नाना
आमच्या काळी हे पॅन-बिन नव्हतं. जळजळलं की इनो, नाहीतर गुलाबी जेल्युसिल. नंतर रॅनिटिडीन आलं, ते तर प्रत्येकाच्या पाकिटात असायचं. ते कुठे गायब झालं हो?

मेडिकलवाली
नाना, रॅनिटिडीनच्या गोळ्यांत एन.डी.एम.ए. नावाचा कर्करोगकारक समजला जाणारा घटक सापडला. अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. त्याच घराण्यातलं फॅमोटिडीन अजून आहे आणि कामाचं आहे.

गुलाबी बाटलीचं काम वेगळं. ती तयार झालेलं आम्ल मारते, पंपाला हात लावत नाही. म्हणून लगेच बरं वाटतं आणि तासा-दोन तासांत परत जैसे थे. त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही असतात. पहिल्याने पोट सैल होतं, दुसऱ्याने घट्ट, म्हणून जोडीने घालतात. इनोत सोडियम भरपूर, बी.पी.वाल्यांनी रोज घेऊ नये.

डॉ_आडवाटेचा
हेमांगी, थांबा. इथेच गडबड होते. अनघाताईंची यादी पुन्हा वाचा. त्यात ॲस्पिरिन आहे, आणि वय ६७. अशा माणसाला पॅन्टोप्राझोल बहुधा जठराचं रक्षण करायला दिलेलं असतं. पॅन काढून ॲस्पिरिन ठेवलं तर अल्सरमधून रक्त जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा "पॅन वाईट का" हा प्रश्न नंतर. आधी विचारायचं, ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे?

ॲस्पिरिनचं सांगतो. रक्त गोठायला प्लेटलेट एकमेकींना चिकटाव्या लागतात. त्यासाठी त्या एक रसायन बनवतात, आणि ते बनवणारं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. तिचं सात ते दहा दिवसांचं आयुष्य तसंच जातं. म्हणून ७५ मिलिग्रॅमची चिमुकली गोळी रोज एक पुरते. पण त्याच घराण्यातली रसायनं जठराच्या अस्तराचंही रक्षण करतात, आणि तीही कमी होतात.

हार्ट अटॅक, स्टेंट किंवा पक्षाघात झालेल्यांना ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद आहे. यापैकी काहीच झालेलं नसेल तर चित्र वेगळं. २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले, एक फक्त मधुमेहींवर आणि एक वयस्कर लोकांवर. थोडाफार फायदा दिसला तिथेही तो रक्तस्रावाने खाऊन टाकला. त्यामुळे हल्ली सरसकट देत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाळी बंद झालेल्या बाईचं लोह कमी आहे तर ते जातंय कुठे, हे शोधल्याशिवाय नुसती लोहाची गोळी बदलत बसू नये. शौचाची तपासणी, गरज पडली तर दुर्बिणीची. लोहाच्या गोळीने होणारा काळेपणा हिरवट-काळा आणि घट्ट असतो. डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

हेमांगी_के
ॲस्पिरिन यादीत होतं हे नजरेतून सुटलं. पण माझा मूळ मुद्दा कायम आहे, डॉक्टर. ॲस्पिरिन-बिस्पिरिन काही नसताना पाच पाच वर्षं पॅन खाणारे ढिगाने आहेत.

डॉ_आडवाटेचा
त्यावर दुमत नाहीच. लांब पल्ल्याला बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. पण एका झटक्यात बंद केलं की काही दिवस आम्ल आधीपेक्षा जास्त उसळतं, माणसाला वाटतं "बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही", आणि तो पुन्हा सुरू करतो. हळूहळू उतरवायची असते.

तिसरी_घंटा
माझी सासू गूळ-खजूर आणि लोखंडी कढईची पुरस्कर्ती. तिच्या मते गोळ्या हे सगळं थोतांड. धाग्यावर कोणी तिच्या बाजूने बोलणार का?

गिरगावचा_गण्या
कढईच्या बाजूने मी. सासूच्या बाजूने सून असताना मी कोण बोलणारा.

मेडिकलवाली
कढईत खरंच तथ्य आहे. चिंच-कोकम घातलेली आमटी त्यात उकळली की लोह उतरतं. गुळाचं जरा जास्तच कौतुक होतं. पण साठा तळाला गेलेला असेल तर नुसत्या आहाराने भरायला फार वेळ लागतो.

आणि एच.बी. नॉर्मल आलं की लोक गोळी थांबवतात, तिथे फसतात. पुढे साधारण तीन महिने चालू ठेवली तर साठा भरतो. साठा फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीवरून कळतो.

डॉ_आडवाटेचा
फेरिटिनला +१. ते न बघता लोह देऊ नये याचं आणखी एक कारण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा सौम्य रक्तदोष. रक्तपेशी लहान दिसतात, एच.बी. थोडं कमी, पण लोह व्यवस्थित असतं. मुंबईत सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजात हे बरंच आढळतं. त्यांना वर्षानुवर्षं लोह दिलेलं मी पाहिलंय.

दुसरं, लोह रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेलं जास्त शोषलं जातं असं स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं. एक डोस घेतला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते साधारण दिवसभर आतड्यातलं दार बंद ठेवतं. ते अभ्यास तरुण स्त्रियांवरचे आहेत, पण पोटाला त्रास होणाऱ्यांना एक दिवसाआडचा मार्ग बरा पडतो.

हाफकीनच्या_मागे
रक्ताचा विषय निघालाय तर थोडं अवांतर, पण अस्सल परळचं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणी भयानक पांडुरोग व्हायचा, त्याचं कारण शोधायला. परळच्या हाफकीन संशोधन संस्थेत काम. आधी जंतूंचा संशय, मग आहारावर नजर. माकडांवरच्या प्रयोगात एक आजारी माकड मार्माइट दिल्यावर सुधारलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट लगदा. मग तो बायकांना दिला आणि रक्त वाढलं. १९३१ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्यातल्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे, पुढे तेच फोलिक ॲसिड निघालं. आज जगभर गरोदर बायकांना जी गोळी मिळते तिची एक मुळी आपल्या गिरणगावात आहे. आमच्या गल्लीत हे कोणालाच माहीत नाही.

परळचे_नाना
मलाही नव्हतं, आणि मी जन्मापासून इथला. आई गिरणीतल्या बायकांबद्दल सांगायची, "बाळंतपणात पांढरीफटक पडायची." झकास प्रतिसाद.

मेडिकलवाली
सुंदर. यालाच जोडून एक धोक्याची सूचना. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर एच.बी. सुधारतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायाला मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, तोल जाणं असं काही असेल तर बी-१२ तपासाच. काकूंना मेटफॉर्मिन आणि पॅन दोन्ही आहे, आणि दोन्ही बी-१२ खाली आणतात. त्या शाकाहारी आहेत का?

अनघा_मुलुंड
हो, अंडंसुद्धा नाही. आणि मुंग्यांचं ती म्हणते. आम्ही शुगरवर ढकलत होतो.

डॉ_आडवाटेचा
मग बी-१२ नक्की बघा. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी आकार जवळपास नॉर्मल येतो आणि रिपोर्ट बघणाराही फसतो.

माटुंगा_फास्ट
वडिलांच्या हृदयाची झडप बदलली आहे, ते रक्त पातळ ठेवणारं असिनोकुमारॉल घेतात. पालक, मेथी पूर्ण बंद करायला सांगितलंय. घरात पालेभाजी हा शब्द निघाला तरी गंभीर वातावरण होतं. खरंच इतकं कडक असतं का?

मेडिकलवाली
हे औषध ॲस्पिरिनपेक्षा वेगळ्या रस्त्याने जातं. रक्त गोठवणारी प्रथिनं बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं, ते वापरू देत नाही. पालेभाज्यांत के भरपूर, म्हणून भीती. पण पूर्ण बंद करण्यापेक्षा प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवणं महत्त्वाचं. महिनाभर शून्य आणि मग श्रावणात रोज अळूचं फदफदं, असं नको. आय.एन.आर. (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वेळेवर. आणि पोट बिघडलं म्हणून दुकानातून मेट्रोनिडाझोल अजिबात आणायचं नाही. त्याने या औषधाचा जोर बराच वाढतो.

गिरगावचा_गण्या
पोट बिघडण्यावरून आठवलं. परवा चर्चगेट लोकलमध्ये निघण्याआधी एकाने पोट थांबवायची गोळी खाल्ली आणि मला म्हणाला, "ही म्हणजे बूच आहे बूच." वैज्ञानिक दृष्टीने बरोबर आहे का?

डॉ_आडवाटेचा
बऱ्यापैकी! लोपेरामाइड अफूच्या दूरच्या नात्यातलं आहे, पण नेहमीच्या डोसमध्ये मेंदूपर्यंत पोचत नाही. आतड्याची हालचाल मंद करतं, इतकंच. ताप किंवा रक्त असेल तर घेऊ नये, लहान मुलांना देऊच नये. खरं औषध ओ.आर.एस. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं की आतड्यातला एकच वाहक दोघांना हात धरून आत नेतो, मागोमाग पाणी. जुलाबातही तो चालू राहतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याचे हजारो रुग्ण सांभाळले. फक्त 'ओ.आर.एस.' म्हणून फळांच्या चवीचे गोड खोके घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट, लीटरला एक, अख्खं एकदम.

तिसरी_घंटा
गजकर्णाचं राहिलं. मीही रांगेत आहे. पावसाळ्यात ओली जीन्स घालून ठाणे ते सी.एस.एम.टी., दुसरं काय होणार. मला तर मेडिकलच्या ट्यूबने दोन दिवसांत आराम पडतो, त्यामुळे तिला नावं ठेवायला जीव होत नाही.

मेडिकलवाली
त्या दोन दिवसांतच सगळी मेख आहे. अशा ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत स्टेरॉइड, बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं सगळ्यात तगडं. खाज आणि लाली ही बुरशीशी लढणाऱ्या आपल्या शरीराची खूण. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. खाज गेली म्हणून आपण खूश, आणि बुरशी निवांत पसरते. थांबवलं की दुप्पट येतं ते यामुळे. शिवाय जांघेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन कायमचे चट्टे पडतात. चेहऱ्याला गोरेपणासाठी लावणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्याच व्यवसायातले लोक सर्रास विकतात, हे लिहिताना मला काही अभिमान वाटत नाही.

तिसरी_घंटा
अरे देवा. मग करायचं काय?

डॉ_आडवाटेचा
त्वचारोगतज्ज्ञ. स्टेरॉइड नसलेलं मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर त्वचेलाही, आणि दिसेनासं झाल्यावरही दोन आठवडे. घरात आणखी कोणाला असेल तर सगळ्यांनी एकदम. टॉवेल वेगळे, आतले कपडे पूर्ण वाळलेले. पावसाळ्यात इस्त्री फिरवा.

हल्ली आपल्याकडच्या बुरशीचा एक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, म्हणून पोटातून बऱ्याचदा इट्राकोनाझोल देतात. आणि इथे अनघाताईंचं गजकर्ण आणि पॅन एकमेकांना भेटतात. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल आम्लातच विरघळते. पॅन चालू असेल तर ती नीट शोषली जात नाही, आणि मग "महागाची गोळी खाऊनही गुण नाही". त्वचेच्या डॉक्टरांना बाकीची यादी दाखवा. कोणी दाखवत नाही.

हेमांगी_के
हे कुणाच्या डोक्यात येणार! वाचनखूण साठवली.

अनघा_मुलुंड
उशिरा येतेय, क्षमस्व. प्रश्न कागदावर लिहून नेले आणि डॉक्टरांनी चक्क खुर्ची मागे घेऊन वाचले. ॲस्पिरिन एका आरोग्य शिबिरात ई.सी.जी. काढल्यावर सुरू झालं होतं, अटॅक वगैरे कधीच नव्हता. त्यांनी स्वतःच ते बंद केलं. पॅन आता एक दिवसाआड, मग गरजेपुरतं. फेरिटिन ६, बी-१२ १४०, म्हणजे दोन्ही कमी, आणि पेशींचा आकार खरंच जेमतेम नॉर्मलच्या काठावर. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. लोह एक दिवसाआड, दुपारी चारला, चहा साडेसहाला सरकवलाय. आईने या एका बदलावर सगळ्यात जास्त कुरकुर केली. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. शौचाच्या तपासणीत रक्ताचा अंश आला, म्हणून दुर्बीण सांगितली आहे. ट्यूब बंद, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची.

मेडिकलवाली
छान झालं. पॅन उतरवताना जळजळ उठेल तेव्हा जेलचा एखादा चमचा चालेल, पण लोहापासून दोन तास लांब.

डॉ_आडवाटेचा
आता लोहाने एच.बी. वाढायला लागेल, महिन्याभरात एक-दोन अंकांनी. तेव्हा आई म्हणेल, "बरं वाटतंय, दुर्बीण कशाला?" तारीख पुढे ढकलू नका.

अनघा_मुलुंड
म्हणाली आहेच. तारीख ढकलणार नाही.

माटुंगा_फास्ट
माझ्या आईला थायरॉइडचीही गोळी आहे, ती कुठे बसवायची या सगळ्यात?

मेडिकलवाली
सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. बाकीची यादी लिहून नवीन धागा काढा, इथे आता स्क्रोल करून बोट दुखतंय.